मआतीची जीभ आणि जवसाचं तेल

माझं लग्न एका जिभेशी झालं. जिभेला चिकटून एक माणूसही आला, अबुल-मआती नावाचा, पण मान सगळा जिभेचा. दमयातच्या खाली, जिथे नाईल समुद्राला मिळते, तिथल्या आमच्या वस्तीत मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, मआतीच्या जिभेला कोणी आव्हान दिल्याचं मी ऐकलेलं नाही. हंगामाची पहिली टोपली लिलावाच्या कट्ट्यावर आली की त्यातले मासे कोंडा लावून तिथेच निखाऱ्यावर भाजायचे, मआतीने पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि मग बोलायचं. "गोड आहे," म्हणाला तर बोली सुरू. "चिखल लागतोय," म्हणाला तर तळ्याचा मालक टोपली उचलून मुकाट घरी. मालक मग आठवडाभर तोच मासा खायचा आणि त्याची बायको मला शिव्या घालायची.

कट्ट्यावर अशी जीभ भूषण असेल. घरात ती असणं म्हणजे सासूने रोज ताटावर बसण्यासारखं आहे. मुलूखियाची पालेभाजी पुढे ठेवली की, "लसूण उशिरा पडला." वांगं ठेवलं की, "हे कालचं." एकदा तर पाणी पिऊन म्हणाला, "माठ घासला नाहीस." घासला नव्हता, हे खरं, पण म्हणून सांगायचं? लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली तरी चांगलं म्हणून एक शब्द त्याच्या तोंडून पडला नव्हता. मला इथे सगळे उम्म इमाद, म्हणजे इमादची आई, म्हणतात. माझी नणंद सनिय्या शेजारच्याच घरात राहते. ती खिडकीतून म्हणायची, "उम्म इमाद, माझा भाऊ तुझ्या हातचं जेवतो म्हणजे सबुरीचा माणूस आहे हो."

मग दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत मआती तापाने पडला. नाक चोंदलं, डोकं जड झालं, पंधरवडाभर अंथरुणात होता. उठला, मसुरीचं सूप प्यायला, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "हात सलामत राहोत तुझे."

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, सनिय्या आली की काय.

पण ते मलाच होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुलूखियाला म्हणाला, वांग्याला म्हणाला, घाईत उकडलेल्या बटाट्यांनाही म्हणाला. मी अगदी उतू गेले. गच्चीवरची कबुतरं मसालेभात भरून त्याला घातली, विसरलेल्या मिठाया पुन्हा करायला घेतल्या, डोळ्यांत काजळ घालायला लागले. आणि सनिय्याला रोज खिडकीतून ऐकवायचं: "काल काय म्हणाला तुझा भाऊ, विचार ना." तिने विचारलं नाही तरी मी सांगायची. खरं बोलते, त्या चार शब्दांवर मी दोन वर्षं जगले. तापाने माणूस बदलतो, मृत्यू जवळून पाहिला की बायको दिसते, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता जवसाच्या तेलाकडे येते.

आमच्या घरामागे हाज शताची मत्स्यतळी आहेत. दमयातचे लोक हात राखून असतात असं सगळा मिस्र देश म्हणतो, आणि हाज शताकडे पाहिलं की मिस्र खोटं बोलत नाही हे पटतं. त्याच्याकडे मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला तो विचारतो, "जेवून झोपणार, की हलकंच झोपणार?" पाहुणा बिचारा लाजतो आणि हलका झोपतो. तर या हाजची मुलगी नशवा इस्कंदरियाला माशांचं शास्त्र शिकून परत आली आणि आल्या आल्या बापाच्या खाद्याच्या मशीनपाशी उभी राहिली. मी तिथे कोंडा मागायला गेले होते, म्हणून सगळं कानांनी ऐकलं.

"बाबा, या गोळ्यांवर माशाचं तेल फवारता ना, त्याऐवजी जवसाचं फवारू."

"जवसाचं तेल उसळीवर घालतात."

"माशालाही चालतं."

"चालेल की. उद्या म्हणशील, मासे त्यावर लिंबू पिळून मागतायत. भाकरी गरम द्यायची की गार?"

"बाबा, ऐका तरी. दुसऱ्या टोकाच्या समुद्रातली बारकी मासळी पिळून हे तेल निघतं. ती पिळून आपण आपल्या माशांना चारतो. आता जगात जिथे तिथे तळी झालीत, समुद्र मात्र होता तेवढाच आहे. पुरणार कसा?"

"समुद्राची काळजी समुद्राच्या धन्याला," हाज म्हणाला. "मासा मासा खातो, ही त्याची रीत आहे. तू कोण बदलणार?"

मग नशवाने त्याला दोन्ही तेलांचे भाव सांगितले. हाजने बोटांवर हिशेब केला.

"बारकी मासळी," तो शेवटी म्हणाला, "तिलाही लेकरंबाळं असतात. दया केली पाहिजे."

त्याने अट मात्र घातली: मआतीची जीभ हो म्हणाली तरच. नशवाने तिचीही एक अट सांगितली. जवसावर मासा वाढतो सारखाच, पण त्याच्या अंगातली चरबी बदलते, चव थोडी उतरते आणि माणसाच्या काळजाला मानवणारं जे माशात असतं तेही उतरतं. म्हणून विक्रीच्या आधीचे काही आठवडे पुन्हा माशाचं तेल द्यायचं, की सगळं भरून येतं. त्यासाठी एक पिंप माशाचं तेल राखून ठेवायचं. हाजने राखलं. पण ज्या लोखंडी पिंपात ते आलं होतं त्याला गिऱ्हाईक मिळालं, म्हणून त्याने ते तेल घाण्यावरून आलेल्या जवसाच्या रिकाम्या पिंपात ओतलं. निळं पिंप, वर हिरवा पट्टा. तसली पिंपं आमच्या वस्तीत ज्याच्या त्याच्या दारात असतात.

काही महिन्यांनी नशवा आमच्याकडे दोन दनीस मासे घेऊन आली. एक जुन्या खाद्यावरचा, एक जवसावरचा. शेवटचं माशाचं तेल अजून दिलेलं नव्हतं, तेव्हा फरक कळायलाच हवा होता, आणि तो किती आहे हेच तिला मुअल्लिमकडून जाणून घ्यायचं होतं. मी दोन्ही कोंडा लावून काळे होईपर्यंत भाजले, साल काढून पुढे ठेवले. मआतीने एक घास याचा घेतला, एक त्याचा, डोळे मिटले.

"दोन्ही एकच," तो म्हणाला. "तिळाचा फरक नाही. उम्म इमाद, हात सलामत राहोत तुझे."

मी ताटं उचलताना दोन्हींचा तुकडा तोंडात टाकला. एक आपला नेहमीचा होता. दुसरा मला सपक लागला, मऊ, मागून जरा मातकट. वाईट नव्हता, पण समुद्र कुठे नव्हता त्यात. मग म्हटलं, मुअल्लिम म्हणतोय एकच, तर माझीच जीभ बिघडली असणार. बाईमाणसाला स्वतःवर शंका घ्यायला फारसा वेळ लागत नाही.

नशवाला आनंद व्हायला हवा होता. ती दारात चपला घालत म्हणाली, "खाला, हे असं व्हायला नको होतं. फरक हवा होता."

बापाला मात्र आनंदच आनंद. "मआतीला फरक कळत नाही, तर तो आहेच कुठे? मग शेवटी तरी माशाचं तेल कशाला जाळायचं?" त्याने राखलेलं पिंप पलीकडच्या गावातल्या खाद्यवाल्याला विकायचं ठरवलं. आमच्या वस्तीत तीनचाकी गाडी चालवणारा फरगली आहे, त्याला सांगितलं, उद्या पहाटे घेऊन जा. फरगलीला त्याच फेरीत घाण्यावरून आणलेलं जवसाच्या तेलाचं पिंप अम्म, म्हणजे काका, दसूकीच्या उसळीच्या गाडीवरही उतरवायचं होतं. फरगली एका फेरीत दोन कामं करतो याचा त्याला फार अभिमान आहे. दोन पिंपं, दोन्ही निळी, दोन्हींना हिरवा पट्टा. पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगते, कारण मी तिथे होते.

अम्म दसूकीची गाडी लिलावाच्या कट्ट्याला लागूनच उभी असते. मोठ्या हंड्यात रात्रभर शिजलेली बाकल्याच्या जाड दाण्यांची उसळ, वर जिरं, लिंबू आणि जवसाच्या तेलाची धार. लिलाव उरकला की सगळे पुरुष तिथेच न्याहारी करतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, माशाचं तेल ओतताना दसूकीला वास नाही का आला? वास यायला आधी वास नसलेली जागा लागते. आमच्या कट्ट्यावर हवेला माशाचा वास, हाताला माशाचा वास, नोटांना माशाचा वास. तिथे माशाचं तेल नाकाखाली धरलं तरी माणसाला आपलीच बाही वाटते.

मी घरासाठी उसळ न्यायला भांडं घेऊन गेले तेव्हा पहिल्या ताटल्या नुकत्याच वाढून झाल्या होत्या. एकाने घास घेतला आणि तसाच थांबला. दुसरा रस्त्यावर थुंकला. मग सगळेच थुंकायला लागले. हाज शताने फुकट नमुना म्हणून घास घेतला होता, त्यामुळे तो थुंकावा की गिळावा हे त्याला ठरवता येईना.

"दसूकी, ही उसळ आहे की होडीचा तळ खरवडलास?"

"तेल ताजं आहे!" दसूकी ओरडला. "कालच्या घाण्याचं. खोटं असेल तर माझ्या बायकोला तलाक. तीनदा तलाक."

गाडीमागे भाकऱ्या मोजत बसलेली त्याची बायको म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंत ना? साक्षीला या नंतर."

या सगळ्या गदारोळात कोपऱ्यातल्या बाकावर मआती बसला होता. त्याने ताटली भाकरीने पुसून स्वच्छ केली, दुसरी मागितली, तीही लिंबू पिळून निवांतपणे संपवली, आणि ताटली परत देताना म्हणाला, "आज झकास जमलीये, दसूकी. हात सलामत राहोत तुझे."

सगळे मआतीकडे वळले. थुंकणारेही थांबले. हाज शताने घास गिळला, पुढे आला आणि भरल्या आवाजात म्हणाला, "बघा. बघा याला म्हणतात मर्द. ज्या जिभेला तळ्यातला चिखल ओळखू येतो, त्या जिभेवरून हे विष दोन ताटल्या खाली गेलं, कशासाठी? गरिबाची अब्रू राखायला." दसूकीने येऊन मआतीच्या डोक्याचं चुंबन घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लोक मआतीचा हात हातात घेऊ लागले. एकजण तर म्हणाला, अशा माणसाला हजला पाठवायला वर्गणी काढली पाहिजे. हाज शता तेवढ्यात घाईने घराकडे निघाला.

मी एकटीच रिकामं भांडं घेऊन उभी होते. लोकांनी मआतीचे शब्द ऐकले, मी त्याचा सूर ऐकला. बटाट्यांना जो सूर, कबुतरांना जो सूर, मसुरीच्या सूपाला जो सूर, तोच. एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही.

घरी तो माझ्यामागून आला. मी दार लावलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मआती, मी तुझी बायको आहे, लिलावातली टोपली नाही. कधीपासून चव लागत नाही तुला?"

तो बाकावर बसला. कट्ट्यावर डोळे मिटून बसतो तेव्हा सुलतान वाटतो, आता जुना झालेला कोट टांगल्यासारखा दिसत होता.

"त्या तापापासून," तो म्हणाला. "आधी वाटलं, येईल परत. मीठ कळतं. मिरची झोंबते. बाकी काही नाही. वासच नाही, तर चव कुठून येणार?"

"आणि कट्ट्यावर?"

"मासा डोळ्याने कळतो. कल्ले बघतो, बोटाने दाबून बघतो. कोणाच्या तळ्यात पाणी बदललं, कोणी नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. डोळे मिटून तेवढंच आठवतो."

"आणि माझी मुलूखिया?"

तो बाकाची कड बोटाने खरवडायला लागला.

"विचारतेय मी. माझी मुलूखिया कशी होती?"

"गरम होती."

"कबुतरं?"

"मऊ होती. चावायला बरी पडली."

"मग दोन वर्षं कौतुक कशाचं केलंस रे?"

"दोष काढायला जीभ लागते, इन्शिराह," तो म्हणाला. फार वर्षांनी त्याने मला नावाने हाक मारली. "लसूण उशिरा पडला म्हणायचं आणि तो वेळेवर पडलेला असायचा. मग तुला कळलं असतं. कौतुक कोणी तपासत नाही."

आणि हे खरं होतं. मी तपासलंच नव्हतं. दोन वर्षं त्या कौतुकाला मिठी मारून बसले होते. मी माजघरात जाऊन रडले. कशासाठी, ते मला धड कळेना. नवऱ्याची जीभ गेली म्हणून रडावं, तर मनात येत होती ती खिडकीत उभी राहून सनिय्याला सांगितलेली प्रत्येक गोष्ट. लाज वाटते सांगायला, पण त्याच्या जिभेपेक्षा मला माझं कौतुकच जास्त गेलं होतं.

त्या दिवसापासून मी त्याला रोज उकडलेले बटाटे घातले. वर मीठ, तेवढंच. "एवढंच कळतं ना तुला? मग बाकीचं शेजाऱ्यांच्या मांजराला." त्याने एकदाही तक्रार केली नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

दसूकीने उरलेलं पिंप हाज शताला परत केलं होतं. चुकीचं पिंप मिळालेल्या खाद्यवाल्याने सौदा मोडला, म्हणून हाज त्याला नवं गिऱ्हाईक शोधत होता. एका सकाळी नशवा माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "खाला, तुम्ही पण चाखला होता ना तो मासा? मी पाहिलं होतं."

आता काय सांगणार? नवऱ्याचं पितळ उघडं पाडावं तर तो कट्ट्यावरून उठतो. न पाडावं तर ही पोर बुडते. सपक मासा बाजारात गेला की लोक म्हणणार, जवसाचं तेल वाईट, आणि हाज म्हणणार, शिकलेल्या मुलीचं ऐकलं म्हणून असं झालं.

"पोरी," मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात जे लिहिलंय ते एका तळ्याला तरी कर. बापाला सांगू नकोस."

हुशार मुलगी, तिने पुढे काही विचारलं नाही. फरगलीच्या मदतीने ते पिंप तिने मशीनघरात हलवलं आणि त्याच्या जागी तसलंच पिंप पाणी भरून ठेवलं. हाज रोज येऊन त्यावर हात फिरवून जायचा.

पहिल्या टोपलीचा दिवस जवळ आला तसा मआती खंगायला लागला. आदल्या दिवशी बटाटे चिवडत म्हणाला, "उद्या तू कट्ट्यावर ये. मासळीवाल्या बायकांत उभी राहा. भाजताना तू एक तुकडा आधी चाख. चांगला असला तर एकदा खोक. वाईट असला तर दोनदा."

"मी खोकणार नाही."

"इन्शिराह."

"मला खोकलाच नाही. कुठून आणू?"

पण गेले. एक तुकडा चाखलाही, भाजणाऱ्या बाईशी गप्पा मारता मारता. नशवाने टोपलीत दोन्ही तळ्यांतले मासे ठेवले होते, वेगवेगळ्या पानांवर. उजवीकडचा अस्सल होता, तोंडात सगळा समुद्र. डावीकडचा तोच सपक. हाज शता व्यापाऱ्यांना सांगत होता, "दोन्ही एकच आहेत, मुअल्लिमने आधीच सांगितलंय. आजपासून माझ्या माशाला माशाच्या तेलाचा थेंब लागणार नाही. उतरलेल्या खर्चावर मी भाव उतरवणार नाही, हे वेगळं."

मआतीने उजवीकडचा घास घेतला. डोळे मिटले. मी घसा तयार केला. काहीही झालं तरी माझाच नवरा.

आणि त्याच वेळी वारा फिरला. निखाऱ्यावरचा कोंडा पेटला आणि धुराचा लोट सरळ आमच्या अंगावर आला. माझ्या शेजारची बाई खोकली. तिच्यामागची खोकली. व्यापारी खोकले, फरगली खोकला, हाज शता तर वाकून खोकायला लागला. सगळा कट्टा खोकत होता. मी खोकले, पण माझा खोकला कुठला हे मलाच ओळखू येईना.

मआतीने डोळे उघडले. धुरातून तो मला शोधत होता. किती खोकले मोजले असतील त्याने कोण जाणे. सुलतानाचा चेहरा पार उतरला होता, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखा तो इकडेतिकडे बघत होता. आणि माझा राग, इतक्या दिवसांचा, बटाट्यांवर पोसलेला, कुठे गेला ते मला कळलं नाही.

धूर विरला. सगळे डोळे पुसत वाट बघत होते.

मआतीने हातातला घास पानावर परत ठेवला. "मला सांगता येणार नाही," तो म्हणाला. "माझी जीभ दोन वर्षांपूर्वी गेली. घरात एक चांगली जीभ आहे, ती तिकडे उभी आहे. उम्म इमाद, इकडे ये."

मला वाटलं, जमीन फाटावी. पण ती फाटत नाही, हा आयुष्यभराचा अनुभव आहे. मी पुढे गेले. उजवीकडचा चाखला, डावीकडचा चाखला, सगळ्यांसमोर. डोळे मिटले नाहीत, मला तो थाट जमत नाही.

"हा दनीस आहे," मी म्हटलं. "हा दुसरा, याने जन्मभर जवस खाल्लाय आणि शेवटीही कोणी त्याला समुद्र दाखवला नाही. पोट भरेल. पण याला आज बोली लावू नका. काही आठवडे याला माशाचं तेल द्या आणि मग आणा."

नशवा रडायला लागली. हाज शताने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माशांकडे, मग मुलीकडे. "एका तळ्याला माशाचं तेल दिलंस? मग त्या पिंपात काय आहे?"

"पाणी," नशवा म्हणाली.

"मी रोज पाण्यावरून हात फिरवत होतो?"

"हो, बाबा."

त्याने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. "किती आठवडे द्यायचं?"

"दहा."

"सहा."

"बाबा, ही भाजी नाही, शास्त्र आहे."

"बरं, आठ. तुझं नाही, माझं नाही."

"दहा."

"दहा, पण फवारा बारीक."

तोवर व्यापाऱ्यांना शुद्ध आली होती. एकजण मआतीवर धावून गेला. "म्हणजे दोन हंगाम आम्ही बोली लावली ती कशाच्या जोरावर?"

"माझ्या डोळे मिटण्यावर," मआती म्हणाला. "कोणाचा मासा खराब निघाला?"

व्यापाऱ्याने आठवून पाहिलं. कोणाचाच निघाला नव्हता. त्यामुळे तर तो आणखी चिडला.

अम्म दसूकी मागून पुढे आला. त्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे मुअल्लिम, त्या दिवशी तू माझी अब्रू राखायला..."

"दसूकी," मआती म्हणाला, "मला ती उसळ खरंच आवडली. गरम होती."

पहिलं हसली ती दसूकीची बायको. मग सगळा कट्टा. मआतीही हसला, आणि हसताना त्याचे खांदे खाली आले. दोन वर्षं ते वर ओढलेले होते हे मला तेव्हा दिसलं.

त्या दिवशी नशवाने मला तिच्या तळ्यातला एक मोठा दनीस आणून दिला. मी सय्यादिया, म्हणजे आमचा मासेभात, करायला घेतला. किती दिवसांनी चुलीवर बटाट्याशिवाय काही चढत होतं. या भाताचा जीव कांद्यात असतो, तो काळपट होईपर्यंत परतायचा आणि नेमका थांबायचा. पण खिडकीत सनिय्या उभी होती, तिच्यामागे आणखी तिघी, सगळ्यांना कट्ट्यावरची हकीकत माझ्याच तोंडून हवी होती. मी काय खोकले आणि कसे खोकले ते सांगता सांगता वेळ गेला.

आम्ही दोघं जेवायला बसलो. मआतीने भाताचा पहिला घास घेतला, चावला, गिळला. नेहमीचं वाक्य ओठांवर येऊन थांबलेलं मला दिसलं.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

मी घास घेतला. सांगता आलं असतं, उत्तम झालंय. तो मान डोलावून जेवला असता, आणि कोणी तपासलं नसतं.

"कांदा जळलाय," मी म्हटलं. "थोडासा. बोलत बसले होते. भाताला मागून कडवट लागतंय."

तो थांबला. पुन्हा एक घास घेतला, हळूहळू चावायला लागला, नजर कुठेतरी लांब लावून. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी त्याच्या तापानंतर पाहिलं नव्हतं.

"जळका कांदा," तो म्हणाला. "हो. कडेकडेला. जिभेच्या मागे राहतो तो. आठवतोय मला. लागतोय."

"खोटं बोलू नकोस."

"लागत नाही. पण तू सांगितलंस की आठवतो, आणि आठवला की लागल्यासारखा होतो." त्याने ताट माझ्याकडे सरकवलं. "आणखी वाढ. आणि मासा? माशाचं सांग."

मी माशाचं सांगितलं. पोटाकडचा कसा आहे, पाठीकडचा कसा, लिंबू कुठे जास्त पडलंय, जिरं कुठे कमी. तो घास तोंडात धरून थांबायचा, मी सांगितल्यावर चावायचा. भात पार गार झाला तरी आमचं जेवण चाललंच होतं, आणि पलीकडे सनिय्याची खिडकी अजून उघडीच होती.